अपीज करणे आणि समजूत काढणे

दोन आठवड्यांपूर्वी कॉलवर आमचा क्लायंट जाम भडकला. रिलीज लेट झालं होतं, चूक आमचीच. कॉल संपल्यावर मॅनेजर म्हणाला, "काहीतरी करून त्याला अपीज कर रे." मी मेल टाकली, सोमवारी सकाळी बिल्ड मिळेल. क्लायंट गार! मग टीमला सांगितलं की शनिवार-रविवार ऑफिसला यायचंय. एकाच्या मावसभावाचं लग्न होतं. तो काही बोलला नाही, आलाही. पण दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

गेल्या शनिवारी घरी, अलिबागला गेलो. ओहोटी होती म्हणून चालत कुलाबा किल्ल्यात गेलो, आणि डोक्यात तो शब्द घोळत राहिला. अपीज. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ 'शांततेकडे आणणं'. म्हणजे शब्द मुळात चांगल्या घरचा. तो बदनाम झाला १९३८ साली. हिटलरचा राग शांत करायला ब्रिटनच्या चेंबरलेनने म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत देऊन टाकला. गंमत म्हणजे त्या वाटाघाटींत चेक लोकांना जागाच नव्हती. वर्षभराच्या आत पोलंडवर हल्ला झाला. तेव्हापासून राजकारणात अपीज ही शिवीच झाली. मराठीत त्याचं लांगूलचालन होतं, तुष्टीकरण होतं.

पण मी उभा होतो तो किल्ला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. १७१३ साली कान्होजी आंग्रे सातारच्या शाहू महाराजांवर बिथरलेले होते. ते ताराबाईंच्या पक्षाचे. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना फौज देऊन पाठवलं. कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं, लोहगड घेतला. आता थेट साताऱ्यावरच येतात की काय अशी वेळ! तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवा केलं आणि कान्होजींकडे धाडलं. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरचे. जंजिऱ्याच्या सिद्दीमुळे त्यांना गाव सोडावं लागलं होतं, आणि सिद्दी कान्होजींचाही शत्रू. भांडणाऱ्याचं दुखणं त्यांना आतून माहीत होतं.

फेब्रुवारी १७१४ मध्ये लोणावळ्याला तह झाला. कान्होजींना मोठे दहा आणि लहान सोळा किल्ले, शिवाय सरखेल ही पदवी. त्यांनी बहिरोपंतांना सोडायचं, कोल्हापूरचा पक्ष सोडून शाहूंकडे यायचं.

वरवर बघितलं तर हेही अपीजमेंटच की! राग आला, किल्ले दिले, राग गेला. मग फरक काय? मला दोन दिसतात. एक, शाहूंनी जे दिलं ते स्वतःच्या दौलतीतून, तिसऱ्याच्या ताटातलं नाही. दोन, जे दिलं त्याच्या बदल्यात कान्होजींनीही काहीतरी सोडलं. म्हणून तो तह टिकला. १७२९ साली कान्होजी वारले तोपर्यंत ते सातारच्या बाजूचेच राहिले. पुढे १७५६ मध्ये बाळाजींच्या नातवाने, नानासाहेबांनी, तुळाजी आंग्र्यांशी बोलण्याऐवजी इंग्रजांना हाताशी धरलं. विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं तेवढं बळ मराठ्यांकडे उरलं नाही.

आपल्याकडे याला 'समजूत काढणे' म्हणतात. नुसता राग थंड करणं नाही. आधी समजून घ्यायचं, मग काढायची. मी त्या शुक्रवारी केलं ते म्युनिक होतं. क्लायंटला वीकेंड दिला, पण माझ्या एकट्याचा नाही. ज्यांचा दिला ते कॉलवर नव्हतेच.

भरती यायच्या आत परत फिरलो. यापुढे तारीख देण्याआधी टीमला विचारायचं, एवढं ठरवलंय. आणि ज्याचं लग्नाला जाणं हुकलं, त्याची समजूत अजून काढायचीय. तीही माझ्या खिशातून.