नानकटाईचा डबा: सुरत, मुंबई आणि आपलं गाव

दिवाळी तोंडावर आली की गटाच्या वहीत फराळाच्या ऑर्डरी पडायला लागतात. चकली, शेव, करंजी, अनारसे, शंकरपाळी, लाडू. हे सगळं आपल्या कढईतलं, कारण आपल्या घरात चूल होती, भट्टी नव्हती. मग भट्टीत भाजायची नानकटाई आपल्या फराळात आली कुठून?

त्यासाठी सुरतेला जावं लागतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरत लुटली, हे आपण शाळेत शिकलो. त्या वेळी तिथे इंग्रजांसारखीच डच व्यापाऱ्यांचीही वखार होती. सुरतेत अशी हकीकत सांगतात, की डचांच्या लोकांसाठी पाव भाजणारी भट्टी पुढे दोटीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आली. गिऱ्हाईक कमी झालं, पाव उरायला लागला. उरलेला पाव वाळवून विकता विकता कोरडी बिस्किटं निघाली आणि त्यातूनच पुढे तूप-साखरेची नानकटाई झाली. नान म्हणजे फारसीत रोटी. नानकटाईत अंडं नाही, त्यामुळे सणाच्या ताटात तिला कोणी अडवलं नाही.

पुढे सुरतेचं बंदर मागे पडलं आणि मुंबई वाढली. गुजराती, पारशी व्यापारी मुंबईत आले, त्यांच्याबरोबर त्यांचं खाणंही आलं. पाव हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला आणि इराण्यांनी गल्लोगल्ली बेकऱ्या काढल्या. १८५६ साली मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली. नंतर कोकणातून, साताऱ्याकडून माणसं गिरणीत भरती होत गेली. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसं आणि स्वयंपाकाला एक स्टोव्ह. तिथे भट्टी कुठून येणार?

बायकांनी वाट काढली. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरायची आणि जवळच्या बेकरीत जायचं. पाव निघाला की भट्टी गरमच असायची. बेकरीवाला किलोवर मजुरी घ्यायचा, बाई तिथेच बसून आपल्या ट्रेवर नजर ठेवायची. आपलं तूप दुसरीच्या पिठात जाऊ नये ना! पुण्यातही हीच रीत होती. आमच्या गटातल्या ज्येष्ठ बाया सांगतात, की त्यांनी पहिली नानकटाई खाल्ली ती मुंबईहून एस.टी.ने आलेल्या पत्र्याच्या डब्यातली. सगळे म्हणायचे, "दादांनी मुंबईहून खाऊ आणला." रांगेत बसून तो भाजून आणलेल्या वहिनीचं नाव कोणी घेत नसे.

हे नाव घेणंच महत्त्वाचं आहे. १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. गिरणगावात हजारो कामगार ज्यांच्या हातचं जेवत होते, त्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पापड आणि जेवण बायका आधीही करतच होत्या. फरक पडला तो त्याचा हिशेब लिहिला गेला म्हणून.

लहानपणी मी मुंबईला गेले होते, तेव्हा दादरच्या गर्दीत आईचा पदर सोडला नव्हता. यंदा गटाच्या कामासाठी गेले आणि दोन मैत्रिणींबरोबर मनसोक्त फिरले. क्रॉफर्ड मार्केटजवळ ट्रे आणि साचे घेतले. लालबागला उंच इमारतींच्या मधे गिरणीची चिमणी दिसली, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या सगळ्या गोष्टी डोळ्यांपुढे आल्या. इराण्याकडे चहा घेतला. तीच मुंबई, पण या वेळी भीती नव्हती. दर विचारायला, घासाघीस करायला फार मजा आली. धुरामुळे लाकडाच्या भट्ट्या बदलून गॅस किंवा विजेवर जा, असा उच्च न्यायालयाचा आदेश २०२५ साली आला. म्हणजे ती जुनी भट्टीही आता बदलणार.

आपल्याला मात्र घरातही भाजता येतं. गोव्यात बेबिंका करताना वरून निखारे ठेवतात, तेच तत्त्व. जाड पातेल्यात मिठाचा थर द्या, त्यावर स्टँड ठेवा, झाकण घालून १० मिनिटं तापवा. एक वाटी घट्ट तूप पांढरं होईपर्यंत फेसा, त्यात एक वाटी पिठीसाखर घाला. मग मावेल तसा सुमारे दोन वाट्या मैदा, थोडा रवा आणि वेलची. पाणी अजिबात नको. गोळे लांब लांब ठेवा, ते पसरतात. मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. गरम असताना मऊ लागतात म्हणून जास्त भाजू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होतात.

आता ऑर्डर घेताना एक करा. तूप, मैदा, साखर आणि गॅस यांच्या खाली आणखी एक ओळ लिहा: किती बायका, किती तास. तासाची मजुरी गटात बसून ठरवा आणि मगच किलोचा भाव सांगा. डब्यावर गटाचं नाव ठळक लिहायला विसरू नका. चाळीतल्या त्या वहिनीला ते जमलं नाही, आपल्याला जमेल.