जोडल्यावरच बोलणारा डीएनए

डीएनएच्या मदतीने प्रथिन शोधण्याच्या तंत्राचा जन्म बहुतेक जण १९९२ सालचा धरतात. त्या वर्षी ताकेशी सानो, कॅसँड्रा स्मिथ आणि चार्ल्स कँटर यांनी ‘सायन्स’मध्ये इम्युनो-पीसीआर मांडली. एलायझा चाचणीत प्रतिपिंडाला विकर जोडलेले असते. त्यांनी तिथे डीएनएचा तुकडा जोडला. प्रथिनाच्या प्रती काढता येत नाहीत, डीएनएच्या मात्र पीसीआरने हव्या तेवढ्या निघतात; मग प्रथिनाऐवजी त्याची खूणच वाढवावी. चाचणी-तबकडीच्या खळग्यात चिकटवलेल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे अवघे ५८० रेणू त्यांना ओळखता आले. कल्पना झकासच, पण माझ्या मते आजच्या तंत्राचा मूळपुरुष ती नव्हे. कितीही धुतले तरी काही प्रतिपिंडे खळग्याच्या भिंतीला उगाच चिकटून राहतात, आणि पीसीआर त्यांचाही डीएनए तितक्याच इमानाने वाढवते.

मूळपुरुष सापडतो तो जनुकतपासणीत. उल्फ लांडेग्रेन यांनी कॅलटेकमध्ये असताना १९८८ साली एक युक्ती प्रसिद्ध केली होती: डीएनएचे दोन तुकडे एका जनुकावर शेजारी-शेजारी अचूक बसले, तरच लायगेज विकर त्यांना सांधते. पुढे उप्साला विद्यापीठात सायमन फ्रेडरिकसन आणि लांडेग्रेन यांच्या गटाने २००२ साली हीच अट प्रथिनाला लावली. पीडीजीएफ या प्रथिनाला दोन ठिकाणी पकडणारे डीएनए-रेणू घेतले आणि प्रत्येकाला एक शेपूट दिले. दोन्ही एकाच प्रथिनावर बसले तरच शेपटे जवळ येतात, सांधली जातात आणि पीसीआरला वाढवायला काही मिळते. दोघांच्या सह्या लागणाऱ्या संयुक्त खात्याच्या चेकसारखे: एका सहीवर पैसे निघत नाहीत. त्यामुळे धुण्याची कटकटच संपली.

यावर कोणी म्हणेल, दोन प्रतिपिंडे तर सँडविच एलायझातही असतातच. असतात, पण तिथे दुसरे प्रतिपिंड भलतीकडे चिकटले तरी रंग देतेच, इथे एकटे पडलेले मुकेच राहते. दुसरा आक्षेप जड आहे: उप्सालाची मर्यादा सुमारे २४,००० रेणूंची होती, म्हणजे ५८०च्या कितीतरी मागे. मात्र ते ५८० शुद्ध प्रथिनाचे, तेही खळग्याला चिकटवलेले. शेकडो प्रथिनांच्या गर्दीत एखादे शोधताना नुसती संवेदनशीलता पुरत नाही, बारीकसारीक गोंगाट आधी गप्प करावा लागतो. यूके बायोबँक या ब्रिटिश आरोग्य-संशोधन प्रकल्पाने २०२३ साली सुमारे ५४ हजार लोकांच्या रक्तद्रवात २,९२३ प्रथिने मोजली, ती उप्सालाच्याच ओलिंक कंपनीच्या तंत्राने. त्यात पकडणाऱ्या डीएनए-रेणूंची जागा प्रतिपिंडांनी आणि लायगेजची जागा पॉलिमरेज विकराने घेतली आहे, जोडीची अट मात्र तीच. अर्थात दोन्ही प्रतिपिंडे एकाच चुकीच्या प्रथिनाला धरू लागली, तर ही अटही काही करू शकत नाही. आणि ज्या प्रथिनाला चांगली जोडीच मिळत नाही, ते यादीबाहेर राहते.