गाडीखालचा कंदील

आमच्या बैलगाडीच्या आखाला एक कंदील टांगलेला असायचा. रात्री कापूस घेऊन मानवतला निघायचं असलं की दादा त्याची काच राखेनं पुसायचे, वात कातरायचे आणि तो गाडीखाली बांधायचे. लहानपणी मला वाटायचं, बैलांना वाट दिसावी म्हणून हा कंदील. पण तो तर बैलांच्या मागं, चाकांच्या मधी झुलायचा. एकदा विचारलं तर दादा म्हणाले, "बैलाला वाट ठावी हाय. कंदील दुसऱ्यासाठी असतो. हितं कुणीतरी हाय, एवढं त्याला कळलं पाहिजे."

मानवतची पेठ कापसाची. निजामाच्या राज्यात, म्हणजे 1948 च्या आधी, आमचे आजोबा याच पेठेत गाडी घेऊन यायचे. तेव्हा रस्त्यावर बैलगाड्याच जास्त, मोटार क्वचित. पुढं 1972 साली सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागायच्या. पहाटेचा नंबर लागावा म्हणून लोक रात्रीच गाडी जुंपायचे. त्याच साली मोठा दुष्काळ पडला. माणसांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि त्या खडीवर गावोगावचे रस्ते झाले. रस्ते सुधारले, ट्रक वाढले, वेग वाढला. गाडीखालचा कंदील मात्र तोच राहिला.

ट्रकच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग तेव्हा काळा रंगवलेला असायचा. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. तरीपण ट्रक समोर आला की आमचे बैल जागीच थबकायचे. दादा खाली उतरून कासरा धरायचे आणि ट्रक जाईपर्यंत बैलाच्या डोळ्यावर हात ठेवायचे.

मी दहा वर्षांचा असेन. पौषातली रात्र होती, वारं सुटलेलं. कंदील कधी विझला ते दादांना कळलं नाही. मागून आलेल्या ट्रकनं गाडी उडवली. एक बैल तिथंच गेला. दादांचा पाय मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. ड्रायव्हर पळून गेला नाही. हात जोडून एकच बोलत राहिला, "दिसलंच नाही हो, दिसलंच नाही." दादांनी त्याला कधी शिवी दिली नाही. ते म्हणायचे, "खोटं बोलत नव्हता त्यो."

पुढं बैल गेले आणि मी जुनी पिकअप घेतली. भाजी आणि कापूस घेऊन मानवत, पाथरी, परभणी अशा खेपा सुरू झाल्या. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्याकडं ऊस आलेला. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. 2016 च्या डिसेंबरात कोल्ह्याच्या अलीकडं मला एक ट्रॉली दिसली, ती अगदी पंधरा-वीस हातांवर आल्यावर. तिला ना लाल दिवा, ना रेडियम. कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाचे वाढे काचेला टेकले होते. घाम फुटला. तोंडात तेच वाक्य आलं, "दिसलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दिवे बदलायला निघालो. खिशात दीड हजार रुपये. एका दुकानदारानं पांढरेशुभ्र एलईडी बल्ब दाखवले, म्हणाला, दिवसासारखं पडेल. दुसऱ्यानं शंभर वॉटचे बल्ब काढले. शेवटी एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं काही विकायच्या आधी मीटर काढला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर लावला, 13.8 व्होल्ट. मग हेडलाईटच्या होल्डरवर लावला, 11.4.

"भाऊ, बल्ब कामून बदलायलास? तुझा उजेड वाटंतच सांडायलाय."

मग त्यानं समजावून सांगितलं. साठ वॉटचा एक बल्ब पाच अँपिअर ओढतो, दोन मिळून दहा. जुन्या गाडीत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक वायरीतून फिरून येतो. गंजलेली अर्थिंग त्यात आणखी खाते. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. कालव्याचं पाणी शेवटच्या शेताला पोचू नये, तसा प्रकार. शंभर वॉटचा बल्ब लावला तर त्याच बारीक वायरी तापणार, होल्डर वितळणार. शिवाय ते कायद्यातही बसत नाही.

एलईडीचंही त्यानं सांगितलं. दिव्यामागचा आरसा एका ठरावीक जागी असलेल्या तारेसाठी घडवलेला असतो. उजेडाची जागा जरा हलली तरी तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यात जातो.

ही तार इथवर यायला बराच काळ लागला. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाईडचे दिवे असत. कार्बाईडवर थेंब थेंब पाणी पडायचं आणि त्यातून निघणाऱ्या गॅसची ज्योत पेटायची. ज्या कार्बाईडनं चोरून आंबे पिकवतात, तेच हे. मग विजेचे दिवे आले. 1920 च्या दशकात एकाच बल्बात दोन तारा आल्या, एक लांबचं पाहायला आणि दुसरी समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून. आपलं अप्पर-डिप्पर ते हेच. 1962 साली युरोपात मोटारींसाठी हॅलोजन बल्ब निघाला. 1971 च्या सुमारास दोन तारांचा एच-फोर आला. माझ्या पिकअपला तोच होता. इतक्या वर्षांत दिवा करणाऱ्यांनी दूरचं दिसण्याची काळजी केली, तशी समोरच्याच्या डोळ्यांचीही केली.

मिस्त्रीनं दोन रिले बसवले. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट दिव्याला आणली. आता स्विचला फक्त रिलेला इशारा द्यायचं काम उरलं. अर्थिंगची जागा पॉलिशपेपरनं घासली. कंपनीच्याच क्षमतेचे नवे बल्ब घातले, त्यांच्या काचेला बोट न लावता. बोटाचं तेल लागलं तर काच तिथं तापून बल्ब लवकर जातो. एकूण खर्च साडेअकराशे. होल्डरवर मीटर लावला तर 13.3.

"आता माल भरून सेटिंग कर," तो म्हणाला. "रिकाम्या गाडीची सेटिंग खोटी. मागं वजन पडलं की नाक वर होतं."

संध्याकाळी कापूस भरून गाडी घराच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर, सपाट जागी लावली. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. डिप्परचा उजेड रेघेच्या वर चढत होता, म्हणजे इतके दिवस मी समोरच्यांचे डोळे जाळत फिरत होतो. दिव्यामागचा स्क्रू फिरवून उजेड रेघेच्या थोडा खाली आणला.

दादा बाजेवरून उठले. काठी टेकत, पाय ओढत गाडीसमोर जाऊन उभे राहिले, थोडे वाकून. बैलाच्या डोळ्याची उंची धरली होती त्यांनी. म्हणाले, "आता डोळ्यात जात नाही."

मग ते तसेच चालत गाडीच्या मागं गेले. तिकडं अंधार होता.

"पुढचं झालं. मागं काय?"

मागचा एक लाल दिवा कधीचा फुटलेला होता. राहिलेल्या पैशात सकाळी तो बदलला आणि फाळक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेडियमची पट्टी चिकटवली.