इंद्रजाल कॉमिक्स, ब्रिटिश युद्धचित्रकथा आणि संग्राहकांचे स्मरणरंजन : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, मोडी दप्तरे आणि शासकीय अहवाल ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने जाणारी चित्रकथांची पुस्तिका हेही इतिहासाचे साधन आहे, असे म्हणणाऱ्यास आपल्या अभ्यासमंडळांत फारसे गांभीर्याने घेतले जात नाही. तथापि १९६० ते १९९० या तीन दशकांत मराठी मुलामुलींनी काय वाचले, कोणाला शूर मानले आणि शत्रू म्हणून कोणाचा चेहरा ओळखला, याचा मागोवा घ्यावयाचा असेल तर क्रमिक पुस्तकांइतकेच या पुस्तिकांकडेही वळावे लागते. हे साहित्य आज प्रामुख्याने खासगी संग्राहकांकडे उरले आहे. संग्राहक ते जपतो तो स्मरणरंजनासाठी. अभ्यासकाला त्याची गरज वेगळ्या कारणासाठी आहे. या दोन गरजांमधील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी ब्रिटनमधील युद्धचित्रकथांचे उदाहरण तुलनेस घेतले असून मुख्य भर मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स'वर दिला आहे.

ब्रिटनमधील युद्धचित्रकथा :

दुसरे महायुद्ध संपून तेरा वर्षे झाल्यावर, १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये 'वॉर पिक्चर लायब्ररी' ही मालिका सुरू झाली. १९६१ मध्ये डंडी येथील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने 'कमांडो' सुरू केली. खिशात मावणारा आकार, कृष्णधवल चित्रे, रंगीत मुखपृष्ठ आणि एका अंकात एक पूर्ण कथा असे तिचे स्वरूप होते. 'कमांडो' आजही प्रकाशित होत आहे. या कथा वाचणारी मुले युद्धानंतर वाढली होती. युद्ध त्यांच्या वडिलांनी पाहिले होते. घरी वडील ज्याविषयी मौन बाळगत, ते या पुस्तिकांतून मुलांना कळत असे, आणि अर्थातच बरेच सोपे होऊन कळत असे. जर्मन सैनिकाच्या तोंडची चारदोन ठरावीक वाक्ये हीच त्या पिढीतील अनेकांची जर्मन भाषा ठरली. या 'ब्रिटिश' कथांची चित्रे काढणाऱ्यांत इटालियन, स्पॅनिश आणि अर्जेंटिनी चित्रकार मोठ्या संख्येने होते, ही गोष्टही नोंद घेण्याजोगी आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेले ह्यूगो प्रॅट हे त्यांपैकी एक होत.

१९७५ मध्ये निघालेल्या 'बॅटल' साप्ताहिकाने या परंपरेला वेगळे वळण दिले. पॅट मिल्स यांनी लिहिलेली व जो कोलक्हून यांनी चितारलेली 'चार्लीज वॉर' ही मालिका त्यात १९७९ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पहिल्या महायुद्धातील खंदकांचे, विशेषतः सोमच्या लढाईचे, इतके निर्मम चित्रण मुलांच्या वाङ्मयात त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. २००० नंतर या मालिकांची जाडजूड पुनर्मुद्रणे निघाली, आणि २०११ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयाने 'कमांडो'च्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. रद्दीतून संग्रहालयात हा प्रवास पन्नास वर्षांत पूर्ण झाला. संग्राहकांनी जुने अंक जपले नसते तर तो झालाच नसता.

येथे एक प्रश्न आपल्या बाजूने विचारणे अगत्याचे आहे. त्याच महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक लढले. इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मधील पराक्रमासाठी मरणोत्तर, तर शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश चित्रकथांच्या युद्धात मात्र भारतीय सैनिक बहुधा चौकटीच्या कडेला उभा असतो. संग्राहकाच्या स्मरणरंजनात ही उणीव खटकत नाही. कारण लहानपणी जे दिसले तेच त्याला पुन्हा पाहावयाचे असते. जे दिसले नाही त्याची आठवण येणार तरी कशी?

भारतात या पुस्तिका इंग्रजी वाचणाऱ्या शहरी मुलांपुरत्या राहिल्या. अपवाद तमिळचा. शिवकाशी येथून १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'मुत्तू कॉमिक्स'ने पहिल्याच अंकात 'द स्टील क्लॉ' हा ब्रिटिश नायक 'इरुंबुक्कै मायावी' म्हणून तमिळमध्ये आणला. तो इतका लोकप्रिय झाला की तमिळ संग्राहक आजही त्याचे नाव घरच्या माणसासारखे घेतात. मराठीत असा प्रयत्न रुजला नाही. मराठी मुलाचा परदेशी नायक दुसऱ्याच वाटेने आला.

वेताळाचे मराठीत आगमन :

ली फाल्क यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' १९४० च्या दशकात 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'तून भारतीय इंग्रजी वाचकांना परिचित झाला होता. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. या उपक्रमाशी अनंत पै यांचा निकटचा संबंध होता. हेच पै पुढे १९६७ मध्ये 'अमर चित्रकथे'चे जनक ठरले. 'इंद्रजाल' आरंभी मासिक, नंतर पाक्षिक आणि १९८० च्या दशकात साप्ताहिक झाली. १९९० मध्ये ती बंद पडेपर्यंत तिचे आठशेच्या घरात अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि अन्य भारतीय भाषांतून ती वाचली गेली.

मराठीत फँटमचा 'वेताळ' झाला. हे नामकरण वरवर पाहता साधे वाटते, परंतु त्यामागे सांस्कृतिक सूज्ञपणा आहे. वेताळ हा भुतांचा अधिपती, तसाच तो गावाचा राखणदारही. कोकणात व गोव्यात त्याची देवस्थाने आहेत. शिवाय १९५२ पासून मराठीत निघणाऱ्या 'चांदोबा'तील विक्रम-वेताळाच्या कथांनी हे नाव घरोघरी नेले होते. परिणामी मराठी मुलाच्या मनात दोन वेताळ एकाच वेळी नांदत होते. एक विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडे घालणारा, तर दुसरा कवटीच्या गुहेत राहून चाच्यांचे पारिपत्य करणारा. पहिला बोलण्यात हुशार, दुसरा ठोसा मारण्यात. मुलांचा कल कोणाकडे होता हे सांगावयास नको.

भाषांतराबरोबर आणखी एक काम झाले, ते म्हणजे संपादकीय कात्री. मूळ कथेतील 'बंगाला' हे देशनाम बंगालशी साधर्म्य राखणारे, म्हणून ते 'डेंकाली' झाले. 'सिंग' हे चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंगा' असे बदलले गेले. वेताळाच्या पित्याचा मारेकरी मूळ कथेत 'रामा' होता, तो 'रामालू' झाला. मूळ लेखकाच्या कल्पनेतील पूर्वेकडचा खलपुरुष भारतीय वाचकाच्या हातात देताना त्याचे भारतीयत्व पुसून टाकणे प्रकाशकास भाग पडले. वासाहतिक कल्पनाविश्व स्वतंत्र भारतात विकावयाचे तर त्याला कोठे कोठे ठिगळ लावावे लागते, याचा इतका स्वच्छ पुरावा अन्य साधनांत सहजी मिळत नाही. ठिगळे लावूनही सांगाडा मात्र तोच राहिला. जंगलातील कृष्णवर्णीय जमातींवर पिढ्यान्पिढ्या नैतिक सत्ता गाजविणारा गोरा पुरुष आणि त्याला अमर मानणारी भाबडी प्रजा, हा तो सांगाडा होय. मराठी मुलाने स्वतःला प्रजेच्या जागी न पाहता वेताळाच्या जागी पाहिले. प्रस्तुत लेखकास हा या साहित्याच्या अभ्यासातील सर्वांत अवघड मुद्दा वाटतो. त्याला केवळ 'वासाहतिक मानसिकता' असे नाव देऊन मोकळे होणे योग्य नव्हे. वाचणारे मूल दुबळ्याच्या बाजूने उभे राहणाऱ्या सामर्थ्याचा शोध घेत असते, आणि ते सामर्थ्य ज्या रूपात उपलब्ध होईल त्या रूपात स्वीकारते.

'इंद्रजाल'मध्ये वेताळाखेरीज मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आदी नायकही येत. त्यांतील बझ सॉयर हा अमेरिकी नौदलाचा वैमानिक आणि गार्थ हा ब्रिटिश वृत्तपत्रातील महाबली, हे दोघेही १९४३ मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात जन्मले होते. अशा आडवाटेने का होईना, ते युद्ध 'इंद्रजाल'च्या वाचकांपर्यंत पोहोचले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी 'बहादूर' हा भारतीय नायक दिला. गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रूप दिले. बहादूर चंबळच्या दरोडेखोरांशी लढतो, पण एकट्याने नव्हे. तो गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. अमर मुखवटाधारी राजापेक्षा संघटित ग्रामस्थांवर विश्वास ठेवणारा हा नायक स्वातंत्र्योत्तर काळाच्या अधिक जवळचा आहे. असे असूनही संग्राहकांच्या आठवणींत वेताळाचा मान पहिला राहतो, ही बाब विचार करावयास लावते.

नांदेड-लातूरचा संदर्भ :

मराठवाड्यात या वाचनाचा अर्थ पुणे-मुंबईपेक्षा वेगळा होता. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले तेच उर्दू माध्यमाचे. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये, तर लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले. १९६४ मध्ये मराठी वेताळ अवतरला तेव्हा आई-वडिलांचे शिक्षण उर्दूत आणि मुलांचे मराठीत, अशी घरे येथे होती. मराठीतून निव्वळ मौजेखातर वाचणे ही अशा घरांत नवी गोष्ट होती. 'इंद्रजाल', 'चांदोबा', बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि १९७१ पासून बालभारतीचे 'किशोर' ही त्या नव्या सवयीची साधने होत. विकत घेणारे थोडे, मागून वा भाड्याने वाचणारे पुष्कळ, असा तो व्यवहार. त्यामुळे एक अंक अनेक हातांतून जाई, आणि म्हणूनच तो टिकत नसे.

ब्रिटिश मुलाप्रमाणे येथील मुलाच्या घरातही एक युद्ध होऊन गेलेले होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सीमेवरील शिबिरे होती, रझाकारांचे अत्याचार होते, गुप्त शस्त्रसाठे होते. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी जानेवारी १९४८ मध्ये घातलेला छापा तर कोणत्याही 'कमांडो' अंकाच्या कथानकास शोभावा असा आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने हे पर्व संपले. आजोबांनी हे सारे पाहिले असता नातू मात्र डेंकालीच्या जंगलात रमला होता. ब्रिटनमध्ये वडिलांचे मौन चित्रकथेने भरून काढले. येथे ते काम करणारी चित्रकथा मुलांच्या हाती आली नाही. 'अमर चित्रकथे'ने शिवचरित्र मुलांपर्यंत नेले, आणि 'शिवाजी'साठी प्रताप मुळीक यांनी काढलेली चित्रे अनेकांच्या स्मरणात आहेत. परंतु स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा मुख्यत्वे भाषणांतून, स्मरणिकांतून आणि क्रमिक पुस्तकांतील मजकुरातूनच पुढील पिढीकडे गेला. आज पन्नाशी-साठीतील वाचक वेताळाच्या अंगठीचे चिन्ह क्षणात काढून दाखवील. उमरीचा छापा नेमका कसा झाला हे सांगताना तो अडखळेल. हा दोष वाचकाचा नव्हे. इतिहासाच्या अध्यापकांनी, म्हणजे आपणच, या लढ्याचे चित्रमय कथन कधी गांभीर्याने घेतले नाही.

संग्रह, रद्दी आणि कायदा :

संग्राहक पहिला अंक, मूळ मुखपृष्ठ आणि न फाटलेले मधले पान यांना मोल देतो. अभ्यासकाच्या दृष्टीने अनेकदा फाटका अंकच अधिक बोलका असतो. त्यावर भाड्याने देणाऱ्याचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले मुलाचे नाव व इयत्ता, क्वचित दोन-तीन नावे एकाखाली एक. वाचनाच्या प्रसाराचा असा दस्तऐवज कोणत्याही अहवालात सापडत नाही, आणि बाजारात मात्र याच खुणांमुळे अंकाची किंमत घसरते. भाषिक आवृत्त्यांची अवस्था अधिक बिकट आहे. इंग्रजी अंकांना देशभर आणि परदेशातही गिऱ्हाईक असते. मराठी अंकांचा चाहतावर्ग मराठी वाचकांपुरता, आणि तोही वयाने उतरणीला लागलेला.

सार्वजनिक ग्रंथालयांनी ही जबाबदारी घ्यावी अशी अपेक्षा करता येते. १९५४ च्या पुस्तक वितरण अधिनियमानुसार प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रती देणे बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा आहे. तरीही जिल्हा व तालुका पातळीवरील ग्रंथालयांत चित्रकथेला दाखल नोंदवहीत बहुधा स्थान मिळाले नाही. नियतकालिक म्हणून ती वर्षअखेरीस रद्दीत निघाली. 'किशोर'चे भाग्य थोर म्हणावयाचे, कारण शासकीय संस्थेचे मासिक असल्याने त्याचे जुने अंक संगणकीय स्वरूपात उपलब्ध झाले. 'इंद्रजाल'चे जे अंक संगणकावर फिरताना दिसतात ते हौशी संग्राहकांनी स्वतःच्या प्रतींवरून तयार केलेले आहेत. त्यांच्या चिकाटीचे ऋण मान्य करूनही कायद्याचा प्रश्न उरतोच. ली फाल्क १९९९ मध्ये निवर्तले. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असल्याने त्यांच्या कथांवरील हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत टिकतो.

याच कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मात्र एक वाट मोकळी केली आहे. बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास एखाद्या ग्रंथाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवता येते. अट इतकीच की त्या ग्रंथाची कागदी प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. म्हणजे संगणकाचा विचार नंतरचा. आधी कागद मिळवावा लागेल. नांदेड व लातूर येथील जुन्या वाचकांच्या घरांतील पेट्या, माळे आणि कपाटे अद्याप पूर्णपणे रिकामी झालेली नसावीत. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळी सुटीत चार-दोन गल्ल्यांतून असे अंक मागून आणले, कोणी कोणाकडून किती दिवसांसाठी आणले होते याची विचारपूस केली आणि ते ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढविले, तर त्यासाठी फारशा निधीची गरज पडणार नाही. पावसाळ्यापूर्वी घर झाडताना हे कागद सर्वप्रथम बाहेर निघतात. तेवढी वेळ मात्र साधावी लागेल.