बरणीतला मटार आणि लेहचं पाणी

लेहचा उन्हाळा थोडका. जुलै-ऑगस्टमध्ये जर्दाळू आणि हिरवा मटार हवा तेवढा मिळतो. पुढे हिवाळ्यात ताजी भाजी ताटात आली की सणच. त्यामुळे हल्ली इथल्या क्वार्टर्समध्ये बरण्या भरून उकळायचं विजेचं भांडं, म्हणजे कॅनर, दिसू लागलंय. "सर, यात मटार टिकेल ना?" असं कोणीतरी विचारतंच. उत्तर द्यायला पॅरिसपासून सुरुवात करावी लागते.

निकोला आपेर हा तिथला मिठाईवाला. शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटल्यांत मटार, फळं, रस्सा भरायचा, बूच तारेने आवळायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, एवढीच त्याची कृती. फ्रेंच आरमाराने ते अन्न वापरून पाहिलं. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, अट अशी की कृती छापून सर्वांना खुली करायची. त्याने केली. (नेपोलियनने स्वतः स्पर्धा लावल्याची गोष्ट रंगतदार आहे, पण मी तिच्यावर पैज लावणार नाही.) त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पेटंट घेतलं, त्यात पत्र्याचा डबा आला. डबा उघडायचं अवजार मात्र चार-पाच दशकांनी निघालं. तोवर छिन्नी-हातोडा, नाहीतर संगीन!

अन्न नेमकं का टिकतं, हे आपेरला ठाऊक नव्हतं. ते कळायला पाश्चर यावा लागला. या अडाणीपणाची किंमत खलाशांनी मोजली. १८५२ साली ब्रिटिश नौदलाने साठ्यातले मांसाचे डबे फोडले, तर बहुतेक सडलेले निघाले. मोठ्या डब्यांच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचलीच नव्हती, असं त्याचं एक कारण सांगतात.

सडलेलं निदान नाकाला कळतं. बॉट्युलिझमचं विष बरणीत असलं तरी वास, चव, रंग नेहमीसारखे असू शकतात. त्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. हवा नसलेली, आंबटपणा नसलेली बरणी म्हणजे त्यांना आयतं घर. त्यांना मारायला साधारण ११६ ते १२१ अंश लागतात, आणि पाणी तिथवर न्यायला वाफेचा दाब लागतो.

आता आमचा मुक्काम. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे पुण्यासारखेच दिसतात, उष्णता तेवढी नसते. बाजारातलं बरंचसं विजेचं कॅनर नुसतं पाणी उकळतं. दाबाचं असलं तरी, समुद्रसपाटीला काट्यावर ११ पौंड पुरत असतील तिथे इथे १६ हवेत, कारण बाहेरच्या हवेचाच दाब पाच पौंडांनी कमी. घरगुती भांडी बहुधा १५ पौंडांवर थांबतात. पुस्तिकेत उंचीची मर्यादा दिलेली असते. ती आधी वाचा, पाककृती नंतर.

जर्दाळू आंबट, त्यामुळे हा बीजाणू तिथे वाढत नाही. ते खुशाल भरा, फक्त उंचीच्या मानाने जास्त वेळ उकळा. टोमॅटोत लिंबाचा रस घाला. मटार मात्र लडाखी शेजारणी करतात तसा उन्हात वाळवा. हवा कोरडी, ऊन कडक आणि वीज लागत नाही.