आरसी बुकावरचं नाव

आजचा भाग गाड्यांवर आहे. मायलेज आणि टॉप स्पीड ऐकायला आला असाल तर सॉरी, त्यासाठी शेकड्याने चॅनेल आहेत. मी सांगणार आहे ती पुण्यातल्या एका घराची, म्हणजे आमच्याच घराची गोष्ट. आणि ती सुरू होते एका फॉर्मपासून.

२०२४ च्या मार्चमध्ये आमच्या मारुती ८०० चं रजिस्ट्रेशन संपत होतं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा पंधरा वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. आमची गाडी १९९४ ची. म्हणजे २००९, २०१४, २०१९ असे तीन वेळा हे सोपस्कार झालेले, आणि आता चौथी वेळ. पूर्वी याची फी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली, वर हरित कर वेगळा. मी आईला म्हटलं, "कशाला घालतेस एवढे पैसे? स्क्रॅपला देऊन टाक. पार्किंग तरी मोकळं होईल."

आई काही बोलली नाही. कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून जुनं आरसी बुक काढलं आणि माझ्या हातात दिलं. मालकाचं नाव : आईचं.

आता यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. मग मी विचारायला लागले, आणि एकेक गोष्ट बाहेर येत गेली. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. आजोबा तेव्हा नदीजवळच्या पेठेत राहायचे. भाड्याच्या दोन खोल्या गेल्या, भांडीकुंडी गेली, सायकल गेली. पुढे ते सहकारनगरला आले. पेठेत असताना सगळं चालत जाण्यासारखं होतं. आता ऑफिस लांब पडायला लागलं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं, त्यामुळे पुन्हा सायकल घेतली. पण पर्वतीच्या बाजूचा चढ, घरी तीन पोरं आणि सायकलवर डबलसीट दिसलं की पोलीस दंड करणार. मग आजोबांनी १९६५ साली स्कूटरला नंबर लावला.

"नंबर लावला" हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त दवाखान्यात ऐकला असेल. तेव्हा स्कूटर, मोटार, टेलिफोन, सगळ्याला नंबर लागायचा. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे सरकारी लायसन्सवर ठरायचं. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून जास्त काढता यायच्या नाहीत. विक्रीवरही सरकारी नियंत्रण होतं : मोटारींसाठी १९५९ चा आणि स्कूटरसाठी १९६० चा नियंत्रण आदेश. डीलरने रजिस्टर ठेवायचं आणि क्रमानेच गाडी द्यायची. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये पैसे भरले तर रांग चुकायची. आमचं परदेशात कुणी नव्हतं. आमचं साताऱ्यात होतं.

गंमत बघा, स्कूटर बनत होती आकुर्डीला, घरापासून वीसेक किलोमीटरवर. आणि ती यायला आठ वर्षं लागली! १९७३ साली ती दारात आली तोपर्यंत तिचं नावही बदललं होतं. नंबर लावला तेव्हा ती वेस्पा होती. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ ला संपला, सरकारने तो वाढवू दिला नाही, म्हणून आली ती बजाज. स्कूटर आल्यावर शेजारच्यांनी आजोबांना दुप्पट पैसे देऊ केले होते म्हणे. आजीला वाटत होतं द्यावी, तेवढ्यात आत्याचं लग्न उरकलं असतं. आजोबांनी दिली नाही. आजी हे शेवटपर्यंत बोलून दाखवायची.

मोटारीचं तर विचारूच नका. सत्तरच्या दशकात अख्ख्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारसुद्धा मोटारी बनत नव्हत्या. घ्यायची तर अ‍ॅम्बॅसॅडर नाहीतर फियाट. फियाट बनायची मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. ही कंपनी काढली १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस. जहाजं, विमानं, साखर सगळ्यात हात घातलेला; इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. पुढे त्या गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, पण लोक फियाटच म्हणत राहिले.

आमच्या आजोबांनी १९८१ ला जी फियाट घेतली ती नवी नव्हती. ती १९६६ ची होती आणि आजोबा तिचे तिसरे मालक. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे पुढे तिघं आणि मागे मोजायचे नाहीत. गावाला जायचं म्हणजे पहाटे चारला निघायचं, कारण ऊन चढायच्या आत कात्रज आणि खंबाटकी, दोन्ही घाट ओलांडायचे. तेव्हाच्या बहुतेक गाड्या घाटात तापायच्या, आणि आमची तर म्हातारीच. पाण्याचा कॅन बरोबर असायचाच. गरमीने पेट्रोलची वाफ झाली की गाडी अडायची. मग बाबा बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवायचे आणि सगळे रस्त्याच्या कडेला बसून दशम्या खायचे. आई सांगते, तिला त्या सगळ्या प्रवासात एकच काम होतं : फडका भिजवून देणं.

आई १९८२ ला लग्न होऊन आली, आणि ती आली तेव्हाच बँकेत नोकरीला होती. तीन वर्षं बसने गेली, मग १९८५ ला स्वतःच्या पगारातून लुना घेतली. लुना १९७२ पासून मिळत होती, पुण्याच्या फिरोदियांची. वाहनांच्या इतिहासात लुनाला दोन ओळी मिळतात. माझ्या मते हा अन्याय आहे. पुण्यातल्या शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका दुसऱ्या कुणाच्या मागे न बसता पहिल्यांदा कशावर गेल्या असतील तर त्या लुनावर. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायचं.

तिकडे दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांना दिली. सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं. किंमत ४७,५०० रुपये. आगाऊ दहा हजार भरून नंबर लावणारे लाखाच्या वर होते. म्हणजे गाडी नवी, रांग तीच. ती रांग खऱ्या अर्थाने सुटायला लागली १९९१ नंतर, आणि १९९३ ला मोटार बनवायला लायसन्स लागणंच बंद झालं.

त्याच वर्षी आई ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागली. घरी न सांगता. बँक सुटल्यावर अर्धा तास. लायसन्स हातात आल्यावर सांगितलं. १९९४ च्या पाडव्याला मारुती आली. बँक कर्मचाऱ्यांना वाहनासाठी कमी व्याजाचं कर्ज मिळायचं, ते तिने काढलं. हप्ता तिच्या पगारातून कापला जायचा.

आमच्याकडे त्या दिवसाचा फोटो आहे. सारसबागेचा गणपती, गाडीला हार, चाकाखाली लिंबू. स्टिअरिंगवर बाबा. शेजारी आजोबा. आई बाहेर, हातात पूजेचं ताट. मी आणि दादा मागच्या काचेतून दात दाखवतोय. तो फोटो मी लहानपणापासून बघतेय, आणि माझ्या डोक्यात ती कायम "बाबांची गाडी" होती. शाळेत मी असंच सांगायचे.

बाबा वाईट वागले असं मी म्हणत नाहीये. ते हौशी होते, गाडी छान चालवायचे. फक्त घरातले सगळे जण निघाले की किल्ली आपोआप त्यांच्या हातात जायची. बायका चोकच्या बटणाला पर्स अडकवतात, हा तेव्हाचा जोक ते दर ट्रिपला करायचे. आई हसायची. बँकेला लुनावर जायची.

मग आलं २००३. पुणं तोपर्यंत पार बदललं होतं. पिंपरीच्या टेल्कोत बनलेली इंडिका रस्त्यावर येऊन चार वर्षं झाली होती. एक्सप्रेस वे झाला होता. आणि बँका कर्ज द्यायला स्वतः फोन करत होत्या! आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. बाबांनी ठरवलं, मारुती एक्स्चेंजमध्ये द्यायची आणि इंडिका घ्यायची. शोरूममध्ये सगळं पक्कं करून आले. राहिलं काय, तर फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही. जेवण झाल्यावर टेबलावर फॉर्म ठेवले आणि म्हणाले, "इथे आणि इथे."

आई म्हणाली, "अहो, मी विकत नाहीये."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि मला इंडिका हवी होती. बाबा चिडले. एक्स्चेंजचे पैसे सुटले, पार्किंग एकच आहे, ठेवायची कुठे, बरंच काही झालं. मीही आईला म्हटलं होतं, तू तरी कुठे चालवतेस. हे मी विसरून गेले होते. आईने आता आठवण करून दिली, अगदी शांतपणे.

इंडिका आली, हप्ता जास्त बसला. आणि त्याच आठवड्यात आईने लुना भावाच्या मुलीला देऊन टाकली आणि मारुतीने बँकेत जायला लागली. रिटायर होईपर्यंत बारा वर्षं. सहकारनगर ते लक्ष्मी रोड, सिंगल डिजिटच्या स्पीडने, रोज. इंडिका २०१६ ला गेली. तिचं मात्र कुणाला काही वाटलं नाही.

२०१८ साली बातमी होती : पुण्यात वाहनं ३६ लाखांच्या वर आणि माणसं साधारण ३५ लाख. माझ्याकडे स्वतःची गाडी नाही. मी मेट्रो आणि कॅबवाली. तीस वर्षं जुनी गाडी रस्त्यावर ठेवू नये, धूर होतो, जागा अडते, हे सगळं मला पटतं आणि अजूनही पटतं. पण मार्चमध्ये ते आरसी बुक हातात धरल्यावर लक्षात आलं, की टेबलावर फॉर्म ठेवून "इथे सही कर" म्हणणारी या वेळी मी होते.

फॉर्म २५ आईने स्वतः भरला. आरटीओत गाडी तपासायला न्यायची होती. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना आता क्लच दाबवत नाही; पण आदल्या दिवशी त्यांनी दोन तास खपून गाडी धुतली, हॉर्न दुरुस्त करून आणला. सकाळी आई स्टिअरिंगवर, मी शेजारी, बाबा मागे. तपासणाऱ्या साहेबांनी चेसिस नंबर बघितला, दिवे, ब्रेक बघितले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, गाडी कोण चालवतं?"

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "मालकीणबाई पुढे बसल्यात, त्यांना विचारा."

रजिस्ट्रेशन २०२९ पर्यंत वाढलंय. तेव्हा आई चौऱ्याहत्तरची असेल. स्क्रॅपचं तेव्हा बघू, असं ती म्हणते.

तर मंडळी, आज घरी गेलात की एक काम करा. घरातल्या गाड्यांची, जुन्या विकलेल्यासुद्धा, आरसी बुकं सापडतात का बघा. नाव कुणाचं, हप्ता कुणी भरला आणि चालवली कुणी, हे तिन्ही विचारा आणि मला व्हॉईस नोट पाठवा. चांगल्या चार-पाच गोष्टी आल्या तर पुढचा भाग त्यांच्यावरच करू.