मेजावरच्या रणभूमीचा पाया

मेजावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळण्याचा छंद आज वॉरगेमिंग या नावाने ओळखला जातो. त्या सैनिकांवर आणि त्यांच्या रंगकामावर भरपूर लिहिले गेले आहे. ते ज्या जमिनीवर उभे राहतात तिच्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. टेकडी कशाची करायची, तिच्याखाली फळी कोणती घालायची, वर गवत कशाचे लावायचे, हे प्रश्न साडेतीनशे वर्षांचे आहेत. ते सोडवणाऱ्यांना या सगळ्या काळात दोनच गोष्टींनी छळले: वजनाने आणि पाण्याने. त्यांचा माग काढायचा तर आपल्याला चौदाव्या लुईच्या फ्रान्सपासून निघावे लागते.

१६६८ मध्ये लुईचा युद्धमंत्री लुव्वा याने सरहद्दीवरच्या किल्लेबंद शहरांच्या प्रतिकृती करवून घ्यायला सुरुवात केली. नामांकित दुर्गशिल्पी व्होबाँ याचा या कामात हात होता, आणि पुढे प्रतिकृतींचे प्रमाण १:६०० असे ठरून गेले. त्या खेळण्यासाठी नव्हत्या. वेढा कसा पडेल, तोफा कुठून मारा करतील याचा विचार राजाला पॅरिसमध्ये बसून करता यावा, हा त्यांचा हेतू. पण आजचा वॉरगेमर त्या पाहतो तेव्हा त्याला आपलीच पूर्वजमंडळी भेटतात. खाली लाकडी पाया, त्यावर कागद आणि वाळू, आणि हिरवळीसाठी बारीक कातरलेले रेशीम. आज डबीतून मिळणाऱ्या कृत्रिम गवताचा हा विसरलेला पूर्वज. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एवढे मोठे शहर एका तुकड्यात उचलता येणार नाही, हे त्या कारागिरांनी ओळखले होते. त्यांनी प्रतिकृती सुट्या भागांत बांधल्या. हा संग्रह १७७७ मध्ये लूव्र राजवाड्यातून आँव्हालिदमध्ये हलवला गेला, आणि त्यातल्या काही प्रतिकृती आजही तिथे पाहता येतात.

खेळाच्या बाजूने येणारी वाट वेगळी. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या हेल्विग नावाच्या गणिताच्या अध्यापकाने १७८० मध्ये बुद्धिबळाचा विस्तार करून एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर १,६१७ घरे होती. डोंगराची लाल, पाण्याची निळी आणि जंगलाची गडद हिरवी. म्हणजे आपल्या चतुरंगाच्या वंशातल्या या पटावर जमीन आली खरी, पण ती नुसत्या रंगाची, सपाट.

तिला उंची दिली ती प्रशियातल्या राइसविट्झ यांनी. आरंभी ते ओल्या वाळूत टेकड्या-दऱ्या उठवून खेळ मांडत. राजपुत्रांना खेळ आवडला आणि राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने तो पाहण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा मात्र वाळूची थाळी राजापुढे नेणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी वेळ मागून घेतला आणि १८१२ मध्ये जे आणले ते म्हणजे सुमारे सहा फूट लांबी-रुंदीचे मेज. त्यात तीन-चार इंचांचे चौकोनी तुकडे बसत, प्लास्टरमध्ये घडवलेले, रस्ते, गावे, नद्या आणि दलदली रंगवलेले. तुकडे हवे तसे फिरवून लावले की दर वेळी नवा प्रदेश तयार. आज दोन-दोन फुटांचे चौरस जोडून रणभूमी रचणारे जे करतात, ते मूळ या मेजातले आहे. मला तर या सगळ्या इतिहासातले हेच सर्वांत सुंदर काम वाटते. पण ते एकट्या राजापुरतेच राहिले. पुढे १८२४ मध्ये राइसविट्झ यांच्या मुलाने तोच खेळ १:८००० प्रमाणाच्या कागदी नकाशावर आणला. नकाशा गुंडाळून कुठेही नेता येतो; सैन्याने तो उचलला आणि प्लास्टरचे डोंगर मागे पडले.

डोंगर परतले ते घरगुती खेळात. एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ १९१३ मध्ये आले. त्यांच्या रणभूमीवर जाडजूड ज्ञानकोशाचे खंड टेकड्या होत, खडूने रेघा ओढून नद्या वाहत आणि बागेतल्या डहाळ्या झाडे म्हणून उभ्या राहत. खेळ संपला की सारे पुन्हा जागेवर. विसाव्या शतकाच्या मध्याला वाळूचे मेज पुन्हा आले. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ निघाले आणि ब्रिटनमध्ये हा छंद घरोघरी पोचू लागला, त्या काळात हौशी मंडळी वाळू हातांनी उचलून हवी तशी टेकडी घडवत. मात्र आठ फूट बाय चार फुटांच्या मेजावर जेमतेम दोन इंच वाळू पसरली तरी तिचे वजन दोनशे किलोच्या वर जाते, आणि आकार टिकावा म्हणून ओलावा द्यावा तर आणखी. साध्या घरातले मेज हा भार किती सोसणार?

याचे उत्तर रसायनशाळेतून आले. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीत घडलेला पॉलिस्टायरीनचा फेस १९४२ मध्ये तटरक्षक दलाच्या जीवरक्षक तराफ्यात वापरला गेला, कारण त्याच्या बंद पोकळ्यांत पाणी शिरत नाही. १९४९ मध्ये जर्मनीत बीएएसएफच्या फ्रिट्झ श्टास्टनी यांनी मण्यांचा फुलणारा पॉलिस्टायरीन शोधला. तोच आपला थर्माकोल. वाळूच्या जागी दाट फेसाचा बोर्ड घेतला की दोनशे किलोंचे काम पाच-सहा किलोंत होते. थर्माकोल कापताना मणी सुटतात, दाट बोर्ड मात्र गरम तारेने लोण्यासारखा कापला जातो. दोघांचा वैरी एकच: स्प्रे रंगातले द्रावक त्यांना विरघळवून टाकते. म्हणून आधी फेविकॉल आणि ॲक्रिलिक रंगाचा जाड हात द्यावा लागतो.

पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तीन मिलिमीटरची एमडीएफची फळी घ्या, तिच्या एका अंगाला पातळ केलेला फेविकॉल फासून वाळू भुरभुरवा. सकाळी चारही कोपरे वर उचललेले दिसतील. वाळताना गोंदाचा थर आकसतो आणि फळीला ओढतो. म्हणून खालच्या अंगालाही तेवढाच गोंद लावतात, किंवा सहा मिलिमीटरची फळी घेतात. हे आकसणे आपल्याकडच्या मुलांना दिवाळीच्या किल्ल्यावरून ठाऊक आहे. नुसता चिखल थापला तर उन्हात भेगा पडतात, म्हणून दगडविटांच्या रचनेवर चिखलात बुडवलेले गोणपाट पांघरतात. त्याचे धागे माती धरून ठेवतात आणि वर पेरलेल्या हळिवाची मुळेही त्यातच रुजतात. युरोपातल्या या परंपरेशी त्याचा काही संबंध नाही, पण अडचण तीच आणि तोडगा अव्वल दर्जाचा.

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. त्यामुळे नव्याने रणभूमी रचणाऱ्या वाचकांना माझे सांगणे असे: टेकड्यांसाठी मखराचा थर्माकोल शोधत हिंडू नका. रद्दीतला पुठ्ठा थरावर थर चिकटवून टेकडी उठवा, कड्यांसाठी बुचाचे तुकडे वापरा, पाया सहा मिलिमीटरच्या एमडीएफचा घ्या आणि तो कापताना तोंडाला मास्क बांधा, कारण त्याची धूळ छातीला वाईट.